लवकर आलेला मोहोर

आंब्याला मोहोर लवकर आला म्हणजे बागवाल्यास आनंद होतो खरा, पण त्याच वेळीं त्याच्या मनांत धास्तीहि उत्पन्न होते. मोहोर आल्यापासून फळ हातीं येईपर्यंत धुकें, तुडतुडे, वारा आणि अवकाळी पाऊस इतक्या शत्रूंशीं गांठ असते. म्हणून अनुभवी बागवान अशा झाडाखालीं उभा राहून टाळ्या पिटीत नाहीं. तो त्याची अधिक निगा राखतो. माणसाच्या पोरांविषयीं मात्र आपण नेमके उलट वागतों. ज्याच्या गुणांस लवकर बहर येतो त्याच्याभोंवतीं गर्दी करतों, त्याला खांद्यावर घेऊन नाचतों, आणि फळ धरलें नाहीं तर झाडालाच नांवें ठेवून दुसऱ्या झाडाकडे वळतों. हा विचार आमच्या मनांत ज्या एका खेळाडूच्या चरित्रानें रुजविला, त्याची हकीकत यंदाच्या अंकांत आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगावी असें योजिलें आहे.

या खेळाडूचें नांव लक्ष्मण शिवरामकृष्णन्. त्याचा जन्म ३१ डिसेंबर १९६५ रोजीं मद्रास येथें झाला. वयाच्या बाराव्या वर्षीं मद्रासच्या आंतरशालेय सामन्यांत त्यानें अवघ्या २ धावा देऊन ७ गडी बाद केले. बारा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्या शाळेंतील सहावी-सातवीचा विद्यार्थी, हें ध्यानांत घ्यावें. पुढें सोळाव्या वर्षीं रणजी करंडकाच्या सामन्यांत तामिळनाडूकडून खेळतांना त्यानें दिल्लीसारख्या बलाढ्य संघाचे ७ गडी २८ धावांत टिपले. एवढ्यावरून त्याच्या नांवाचा बोलबाला झाला, आणि हा मुलगा मोठ्यांच्या जगांत ओढला गेला.

तो जी विद्या जाणत होता ती क्रिकेटमधील सर्वांत अवघड विद्या होय, असें जाणते लोक म्हणतात. तिला लेगस्पिन म्हणतात. बोटांनीं चेंडू फिरविणें त्या मानानें सोपें. लेगस्पिन टाकणारा चेंडूस मनगटाच्या झटक्यानें गति व गिरकी देतो. उजव्या हातानें खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांकडून तो चेंडू टप्पा पडतांच बाहेरच्या बाजूस वळतो. त्याच हातवाऱ्यांत मनगट किंचित् निराळें ठेविलें म्हणजे चेंडू उलट, आंतल्या बाजूस येतो. हीच ती प्रसिद्ध गुगली. फलंदाज फसतो तो येथें. पण मनगट हा अवयव मोठा लहरी आहे. क्षणभर हात चुकला कीं चेंडू आंखूड तरी पडतो, नाहीं तर थेट बॅटीवर जाऊन आदळतो, आणि फलंदाज तो सीमेपार धाडतो. यामुळें लेगस्पिन टाकणाऱ्यास धावा देण्याची छाती असावी लागते. आणि त्याच्या कर्णधारास, त्याहूनहि अधिक, त्या धावा सोसण्याची छाती असावी लागते. ही कला बालवयांत हातीं येऊं शकते, पण ती पिकावयास वर्षें लागतात. मुंबईचे सुभाष गुप्ते यांनीं १९५८ सालीं कानपूर येथें वेस्ट इंडीजचे ९ गडी एका डावांत बाद केले, तेव्हां ते तिशीच्या उंबरठ्यावर होते.

शिवरामकृष्णनच्या नशिबीं असें सावकाश पिकणें नव्हतें. एप्रिल १९८३ मध्यें अँटिग्वा बेटांतील सेंट जॉन्स येथें तो वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला. त्या दिवशीं त्याचें वय १७ वर्षें ११८ दिवस होतें. भारतातर्फे इतक्या लहान वयांत कसोटी सामना त्यापूर्वीं कोणीहि खेळला नव्हता. हा विक्रम पुढें १९८९ सालीं सचिन तेंडुलकरनें मोडला. समोर ग्रीनिज, हेन्स, लॉइड यांसारखे रथीमहारथी. वेस्ट इंडीजनें ५५० धावा केल्या, त्यांच्या चार फलंदाजांनीं शतकें झळकाविलीं, आणि आपल्या या पोरास ९५ धावा देऊन एकहि गडी मिळाला नाहीं. आमच्या मतें या सामन्यांत लाजण्याजोगें कांहींच घडलें नाहीं. सतरा वर्षांच्या मुलानें त्या लोकांपुढें चेंडू हातीं घेऊन उभें राहावें, हेंच पुष्कळ होतें.

यानंतर दीड वर्षानें मुंबईचा तो सामना झाला. आम्ही त्या वेळीं नुकतीं पावलें टाकूं लागलों होतों, त्यामुळें तो डोळ्यांनीं पाहिला असें म्हणतां येत नाहीं. पण आमच्या थोरल्या काकांच्या तोंडून त्याचें वर्णन इतक्या वेळां ऐकलें आहे कीं पाहिल्यासारखेंच वाटतें. नोव्हेंबर १९८४ चा तो काळ मोठा अशुभ होता. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली होती. इंग्लंडचा संघ भारतांत होता, आणि सामन्याच्या आदल्याच दिवशीं, २७ नोव्हेंबरला, मुंबईंतील ब्रिटिश उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस यांस मारेकऱ्यांनीं ठार केलें. अशा छायेंत २८ नोव्हेंबरला वानखेडे मैदानावर खेळ सुरू झाला. इंग्लंडचा पहिला डाव १९५ धावांत आटोपला. शिवरामकृष्णनचे ६४ धावांत ६ गडी. भारतातर्फे रवि शास्त्री व सय्यद किरमाणी यांनीं शतकें काढलीं. दुसऱ्या डावांत गॅटिंगनें १३६ धावा करून निकराचा प्रतिकार केला, तरीहि या मुलानें पुन्हां ६ गडी बाद केले, ११७ धावांत. भारत ८ गडी राखून जिंकला. एका सामन्यांत १२ गडी घेणाऱ्या या मुलास अजून एकोणीस वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं.

काका सांगत कीं त्या आठवड्यांत मुंबईच्या गल्ल्यांतून प्रत्येक पोरगा मनगट वांकडें करून चेंडू टाकीत होता. भिंतींस, मोटारींस, शेजाऱ्यांच्या खिडक्यांस चेंडू लागत होते, आणि एरवीं ओरडणारे शेजारीहि हंसून सोडून देत होते. शोकाच्या दिवसांत एका काटकुळ्या, सांवळ्या मुलानें लोकांस थोडा आनंद दिला होता.

पुढील सामन्यांत, दिल्लीस, त्यानें पहिल्या डावांत ९९ धावांत ६ गडी टिपले. सलग तीन डावांत सहा सहा गडी! परंतु तो सामना भारत हरला, आणि येथूनच चित्र पालटूं लागलें. इंग्लंडचे फलंदाज हुशार होते. त्यांनीं त्याचा हात वाचावयास आरंभ केला. कोणता चेंडू बाहेर जाणार व कोणता आंत येणार हें त्यांस उमगूं लागलें. त्याच्या स्वतःच्या गांवीं, मद्रासच्या मैदानावर, इंग्लंडनें ७ गडी गमावून ६५२ धावा रचल्या. फाउलरनें २०१ आणि गॅटिंगनें २०७. मालिकेच्या शेवटीं शिवरामकृष्णनच्या नांवावर २३ गडी होते, पण त्यांतील १८ पहिल्या तीन डावांतले होते.

तरीहि मार्च १९८५ मध्यें त्याचें तेज पुन्हां एकवार सर्वांस दिसलें. ऑस्ट्रेलियांत वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट ही स्पर्धा भरली होती. मेलबर्न येथील अंतिम सामन्यांत पाकिस्तानचा जावेद मियांदाद खेळपट्टीवर पाय रोवून बसला होता. शिवरामकृष्णननें त्याला पुढें येण्याचा मोह पाडला. चेंडू वळून बॅटीस चुकवून गेला, आणि यष्टिरक्षक सदानंद विश्वनाथनें यष्ट्या उडविल्या. मियांदाद ४८ धावांवर यष्टिचीत झाला. भारत तो सामना ८ गडी राखून जिंकला. ज्यानें तो चेंडू टाकला तो विजयाच्या त्या रात्रीं एकोणीस वर्षांचा होता, आणि पुढें पंधरा वर्षें तरी तो असाच खेळत राहील, याविषयीं कोणास शंका नव्हती.

प्रत्यक्षांत उरले होते दहा महिने. त्यानंतर श्रीलंका व ऑस्ट्रेलिया यांच्याशीं मिळून तो तीन कसोटी सामने खेळला, व त्यांत त्यास अवघे ३ गडी मिळाले. चेंडूची लांबी हाताबाहेर गेली, आणि लांबी गेली कीं लेगस्पिन म्हणजे फलंदाजास वाढलेलें ताट. जानेवारी १९८६ मधील सिडनीचा सामना त्याचा शेवटचा कसोटी सामना ठरला. एकूण ९ कसोटी, २६ गडी. वय वीस वर्षें. १९८७ च्या विश्वचषक स्पर्धेसाठीं त्यास पुन्हां निवडण्यांत आलें. पण त्याच वर्षीं १७ ऑक्टोबरला, तीन वर्षांपूर्वीं जेथें त्यानें बारा गडी बाद केले होते त्याच वानखेडे मैदानावर, झिंबाब्वेविरुद्ध तो भारतातर्फे शेवटचा खेळला. तेव्हां त्याचें एकविसावें वर्ष संपलें होतें. बाविसावें पुरें व्हावयाचें होतें.

असें कां झालें? या प्रश्नास लोकांनीं झटपट उत्तरें दिलीं आहेत. कोणी म्हणाले, यश डोक्यांत गेलें. कोणी म्हणाले, मेहनत कमी पडली. शिक्षकाच्या धंद्यांत वीस वर्षें घालविल्यावर अशा उत्तरांवर आमचा विश्वास बसेनासा झाला आहे. मूल अपयशीं झालें म्हणजे त्याच्या अंगचा दोष शोधणें सर्वांत सोपें असतें, कारण त्यांत मोठ्यांस कांहींच करावें लागत नाहीं. म्हणून आम्ही या मुलाचें चरित्र दुसऱ्या कांहीं चरित्रांशेजारीं ठेवून पाहिलें.

जानेवारी १९८८ मध्यें त्याच मद्रासेंत नरेंद्र हिरवाणी नांवाच्या एकोणीस वर्षांच्या लेगस्पिनरनें आपल्या पहिल्याच कसोटींत वेस्ट इंडीजचे १६ गडी १३६ धावांत बाद केले. देशानें पुन्हां डोक्यावर घेतलें. पण १७ कसोटी सामन्यांत ६६ गडी एवढ्यावरच त्याची कारकीर्द थांबली. आतां दुसरी बाजू पाहा. जानेवारी १९९२ मध्यें सिडनी येथें शेन वॉर्न नांवाच्या बावीस वर्षांच्या तरुणानें भारताविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळतांना १५० धावा देऊन एकच गडी मिळविला. आंकडेच पाहावयाचे तर शिवरामकृष्णनच्या अँटिग्वाच्या सामन्याहून हा आरंभ फारसा बरा नव्हता. पण ऑस्ट्रेलियानें त्यास टाकून दिलें नाहीं. टेरी जेनर या जुन्या लेगस्पिनरचें मार्गदर्शन त्यास लाभलें, पुन्हां पुन्हां संधि मिळाली, आणि त्यानें पुढें ७०८ गडी बाद केले. आपला अनिल कुंबळे १९९० सालीं एकोणिसाव्या वर्षीं मँचेस्टर येथें पहिला कसोटी सामना खेळला, व दुसऱ्या कसोटीसाठीं त्यास १९९२ पर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळांत तो देशांतील सामन्यांत खेळत राहिला, आणि त्याच सुमारास त्यानें अभियांत्रिकीची पदवीहि संपादन केली. त्याची गणना शेवटीं ६१९ गड्यांवर जाऊन थांबली.

या चौघांत ईश्वरानें कोणास किती देणगी दिली हें मोजण्याचें माप आमच्यापाशीं नाहीं. पण एवढें मात्र दिसतें कीं ज्यांचा आरंभ साधा होता त्यांस पिकावयास सवड मिळाली, आणि ज्यांचा आरंभ दैदीप्यमान होता त्यांस ती मिळाली नाहीं. पहिल्याच सामन्यांत सोळा गडी घेणाऱ्यानें दुसऱ्या सामन्यांत तीन घेतले तर आपण म्हणतों, हा ओसरला. वास्तविक तीन गडी हेंहि चांगलेंच काम असतें. पण आपण त्याचीच तुलना त्याच्याशीं करून त्यास हरवितों. लवकर मिळालेल्या कीर्तीचा खरा धोका गर्वांत नसून येथें असावा असें आम्हांस वाटतें. ती कीर्ति मुलाची शिकण्याची मुभा काढून घेते. इतरांची पोरें चुकतात व शिकतात. याची पोरवयांतील चूक मात्र देशाचा अपराध ठरते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. २०२१ सालीं, वयाची पंचावन्न वर्षें उलटल्यावर, शिवरामकृष्णन् यांनीं जाहीरपणें लिहिलें कीं त्वचेच्या रंगावरून आपणांस जन्मभर हिणवलें गेलें, आणि तेंहि आपल्याच देशांत. तें वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलों. ज्याच्या मनगटाचें कौतुक देशानें केलें, त्याच्या कातडीची टवाळी करणारेहि याच देशांत होते! मुंबईच्या त्या आठवड्यांत टाळ्या ऐकणाऱ्या कानांनीं आणखी काय काय ऐकलें असेल कोण जाणे. आपल्या शाळेच्या पटांगणावर एकमेकांस रंगावरून, जातीवरून, उंचीवरून टोपणनांवें ठेवणाऱ्या मुलांस आम्ही हटकतों, तेव्हां "सर, गंमत केली" असें उत्तर येतें. ज्यास नांव ठेविलें जातें तो मुलगाहि त्या वेळीं हंसतो. पण तें हंसणें किती वर्षांचें ओझें घेऊन घरीं जातें, हें त्या लेखावरून समजावें. बारा गडी घेणाऱ्याला जर तें ओझें पुढें पस्तीस वर्षांहून अधिक काळ वाहावें लागलें, तर शेवटच्या बांकावरील ज्या मुलाच्या नांवावर एकहि पारितोषिक नाहीं, त्याचें काय होत असेल?

या चरित्राचा आम्हांस प्रत्यक्ष उपयोग गेल्या वर्षीं झाला. आमच्या आठवीच्या वर्गांतील एका मुलाच्या हातास चेंडू फिरविण्याची चांगली देणगी आहे. त्याचे वडील एके दिवशीं शिक्षकांच्या खोलींत आले आणि हात जोडून म्हणाले, "सर, पोराच्या हातात कला आहे. वर्षभर शाळेचा ताण नको त्याला. तेवढी हजेरी तुम्ही सांभाळून घ्या, म्हणजे तो दिवसभर मैदानावर राहील." मनुष्य भला होता. मुलासाठीं त्यानें दुकानाचें काम बायकोवर टाकून त्यास सामन्यांस नेण्याचा सपाटा चालविला होता. त्यास नुसतें "नाहीं" म्हणून परत पाठविणें आमच्यानें होईना. आम्हीं त्यास बसवून शिवरामकृष्णनची सारी हकीकत सांगितली, कुंबळेची पदवीहि सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "पण सर, दुसरा पुढं गेला तर?" या प्रश्नांत त्याची सारी भीति होती, आणि ती खोटी नव्हती. आम्हीं म्हटलें, "दुसरा पुढं जाईल. जाऊं दे. तुमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे; त्याला सोळाव्या वर्षी नव्हे, तिसाव्या वर्षी चेंडू टाकता आला पाहिजे."

सकाळचा सराव व दुपारचे वर्ग असें अखेर ठरलें. पुढील महिन्यांतील आंतरशालेय सामन्यांत त्या मुलाच्या पहिल्या दोन षटकांत सत्तावीस धावा निघाल्या. पटांगणाच्या कडेला बसलेलीं मुलें कुजबुजूं लागलीं. कर्णधार, तोहि पोरच, चेंडू काढून घेण्यास निघाला. तेव्हां आमच्या क्रीडाशिक्षकांनीं बाहेरूनच खूण करून त्यास तिसरें षटक देवविलें. त्या षटकांत गडी पडला असें आम्हांस लिहितां आलें असतें तर वाचकांस आवडलें असतें. पण पडला नाहीं. फक्त चारच धावा निघाल्या, आणि शेवटचा चेंडू सुरेख वळला. आम्हांस त्या दिवशीं तेवढें पुरेसें वाटलें.

शिवरामकृष्णन् यांचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. ते अनेक वर्षें देशांतील प्रथम दर्जाचें क्रिकेट खेळत राहिले, फलंदाज म्हणून शतकेंहि त्यांनीं काढलीं. नंतर ते सामन्यांचें धावतें वर्णन करूं लागले, आणि आमच्या पिढीनें त्यांस प्रथम ओळखलें तें त्यांच्या आवाजावरून. २०१३ सालीं आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या क्रिकेट समितीवर खेळाडूंचे प्रतिनिधि म्हणून त्यांची निवड झाली. ज्या मनुष्याची गोष्ट विसाव्या वर्षीं संपली असें लोकांनीं ठरविलें होतें, तो त्यानंतर दशकानुदशकें त्या खेळांत काम करीत राहिला. म्हणून त्यांस अयशस्वी म्हणण्यास आमचें मन घेत नाहीं. नऊ कसोटी सामने हा त्यांच्या आयुष्याचा एक भाग आहे. सारें आयुष्य नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कांहींजणांचीं नांवें याच अंकाच्या पुढील पानांवर पारितोषिकांच्या यादींत छापलीं जातील. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, या वर्षींचें यश पुढच्या वर्षाच्या मानेवर जोखड म्हणून ठेवूं नका; पुढील वर्षीं कमी पडलें तरी शिकणें चालू ठेवा. ज्यांचीं नांवें यादींत नाहींत त्यांनीं शेन वॉर्नचे पहिले दीडशें धावांचे आंकडे आठवावे. आणि पालकांस व आमच्या सहकाऱ्यांस विनंति अशी कीं, मुलाच्या पहिल्या सहा गड्यांना टाळ्या वाजवितां तशाच त्याच्या वाईट षटकालाहि सोबत द्या. टाळ्या वाजविण्यास हजारों लोक येतील. सत्तावीस धावा गेल्यावर त्याच्या हातीं पुन्हां चेंडू देणारा मात्र फार तर एखादाच असतो, आणि तो आपल्यापैकीं कोणी तरी असला पाहिजे.